शनिवार, रात्री १०.५२

सकाळी १०.२० (१२ तास ३२ मिनिटं बाकी)

तपकीर गल्लीत पाऊस थांबलेला, पण वरच्या ताडपत्र्यांतून टपटप चालूच. तारीख ८ जुलै २०१७. जीएसटी लागू होऊन जेमतेम आठवडा झालेला, त्यामुळे दुकानदाराचा अर्धा जीव कॉम्प्युटरवरच्या नव्या बिलात अडकलेला.

"पन्नास केचा मल्टीटर्न प्रीसेट आहे का? पंचवीस फेऱ्यांचा?" दादाने विचारलं.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. सिंहगड रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमच्या घराण्यात सोल्डरिंगला बसताना हात न कापणारा तो एकटाच. दोन प्रीसेट घेतले, मीटरभर बारीक इनॅमल वायर घेतली आणि ४.७ केच्या रेझिस्टरची दहांची पट्टी. या पट्टीचं एकूण मोल एका चहाएवढंही नव्हतं. पुढे तिच्यावर बोलायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: ती घ्यायला आम्ही विसरलो नव्हतो.

दुपारी १.४५ (९ तास ७ मिनिटं बाकी)

दौंडकडून मित्र आला. मारुती ओम्नीच्या मागच्या सीटवर, दोन जुन्या टायरांच्या मध्ये, ३५ लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर. त्याचे पप्पा गुरांचे डॉक्टर. पुण्याच्या कुठल्याही गेमिंगवाल्या पोराला द्रवरूप नायट्रोजन म्हणजे परदेशातली चैन वाटते. दुधाच्या पट्ट्यातल्या पोराला तो सायकलच्या पंपाइतका घरचा असतो. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, आणि आज गोठवलेल्या रेताच्या कांड्या उणे १९६ अंशांत बुडवून गावोगाव फिरवणं या भागाला नवीन नाही. मोटारसायकलला तो गोल डबा लटकवून निघालेला माणूस दिसला की बायका विचारतात, कुणाची गाय माजावर आली?

"पप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, झाकण घट्ट बसवायचं नाही, काचा खाली ठेवायच्या आणि उगाच शहाणपणा करायचा नाही."

पहिल्या दोन गोष्टी त्याने पाळल्या होत्या. पावसात काचा खाली ठेवून आल्यामुळे तो उजवीकडून पूर्ण भिजलेला. पण डॉक्टरकाकांचं खरंच आहे. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. तो विषारी नाही, त्याला वास नाही, रंग नाही. तो फक्त खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतो, आणि माणसाला गुदमरल्याचं कळायच्या आधी झोप लागते. घट्ट झाकणाचा डबा तर फुटतोच.

मित्राने लाकडी पट्टी कंटेनरमध्ये बुडवून बाहेर काढली, हवेत हलवली. जिथवर द्रव, तिथवर पांढरं हिव धरलं. अगदी वरपर्यंत.

दुपारी ३.१० (७ तास ४२ मिनिटं बाकी)

आता आम्ही नेमकं काय करायला बसलो होतो ते सांगतो.

टेबलावर होतं जीफोर्स जीटीएक्स ७८० टीआय. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं तेव्हा अमेरिकेत ६९९ डॉलरचं ग्राफिक्स कार्ड. चिपमध्ये ७१० कोटी ट्रान्झिस्टर, २,८८० कोर, २५० वॅटची मर्यादा. आमच्या हाती ते चार वर्षांनी, तिसऱ्या मालकाकडून आलं. ते उणे शंभराच्या खाली थंड करायचं, व्होल्टेज वाढवायचं आणि कारखान्याच्या ९२८ मेगाहर्ट्झच्या बूस्टवरून सतराशेपर्यंत पळवायचं. उपयोग? काही नाही. बेंचमार्कचा एक आकडा मिळतो आणि तो पाहणारी माणसं जगात मोजकी. व्हिन्स लुसिडो, ज्याला सगळे किंगपिन म्हणतात, त्याने याच वेडावर नाव कमावलं, इतकं की त्याच्या टोपणनावाची कार्डं बाजारात विकली गेली. आम्हाला किंगपिन व्हायचं नव्हतं. आम्हाला एकदा ते मीटरवर बघायचं होतं.

अडचण अशी की २०१२ च्या केप्लर पिढीपासून एन्व्हिडियाने सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज वाढवायची मुभा फार आखडली. १.२ व्होल्टच्या आसपास गाडी अडते. त्यापुढे जायचं तर कार्डावरच हात घालावा लागतो.

पॉवर सप्लायकडून कार्डाला १२ व्होल्ट मिळतात. चिपला लागतो जेमतेम सव्वा. मधे मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात, चोक ते ठोके सपाट करतात आणि या सगळ्यांवर एक कंट्रोलर हुकूम चालवतो. कंट्रोलरला चिपवर किती व्होल्ट पोचले हे स्वतःला दिसत नाही. फीडबॅक नावाच्या एका पिनवरून त्याला ते कळतं. पंगतीतला वाढपी डोळ्यासमोर आणा. पान रिकामं दिसलं की तो वाढतो, भरलेलं दिसलं की पुढे सरकतो. आम्हाला जास्त वाढून घ्यायचं होतं. म्हणून पानातला भात थोडा लपवायचा. फीडबॅक आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रेझिस्टर टाकला की पिनवरचं व्होल्टेज किंचित खाली येतं. कंट्रोलरला वाटतं, कमी पडलं, आणि तो वाढतो. रेझिस्टर प्रीसेटचा असेल तर स्क्रू फिरवू तसा भात लपतो.

मीटर लावला तर फीडबॅकपासून ग्राउंडपर्यंत अडीच के, म्हणजे अडीच हजार ओहम भरले. जुना ठोकताळा असा की त्याच्या वीसपट किमतीचा प्रीसेट लावायचा आणि लावण्याआधी पूर्ण वर फिरवून ठेवायचा, म्हणजे सुरुवातीला काही फरकच पडत नाही. म्हणून पन्नास के.

दादाने भिंग डोळ्याला लावलं. ज्या कपॅसिटरच्या टोकावर वायर बसवायची तो मोहरीच्या दाण्याहून लहान. आधी फ्लक्सचा ठिपका. मग सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथिलाचा इतका बारीक थेंब, की तो आहे हे चमकल्यावरच कळावं. त्याने श्वास सोडून अर्ध्यावर थांबवला, टोक टेकवलं, एक मोजेपर्यंत ठेवलं, उचललं. राळेचा धूर वर आला. वायर उभी राहिली.

"बसली," तो म्हणाला. "आता हिला कुणी हात लावायचा नाही. पॅड उखडलं तर कार्ड गेलं."

दुपारी ३.३२ (७ तास २० मिनिटं बाकी)

या बावीस मिनिटांतच चुकलो, असं माझं मत आहे. दादाचं वेगळं आहे.

४.७ केचा रेझिस्टर कशासाठी घेतला होता? तो कार्डाच्या अगदी जवळ, वायरच्याही आधी बसवायचा. पुढे प्रीसेट चुकून शून्यावर फिरला, वायर सोलून कुठे टेकली, काहीही झालं तरी फीडबॅक आणि ग्राउंड यांच्यात निदान साडेचार हजार ओहम उरतात. म्हणजे भात कितीही लपवला तरी पानात चार घास दिसत राहतातच.

वायर बसल्यावर मला ते आठवलं. मी पट्टी पुढे केली. दादाने पट्टीकडे पाहिलं, त्या मोहरीएवढ्या टाक्याकडे पाहिलं.

"परत तापवायचं? पॅड उचललं तर?"

त्याचं भय खोटं नव्हतं. एका पॅडला दोनदा तापवणं म्हणजे जुगार. मी पट्टी चहाच्या कपाशेजारी ठेवली.

दुपारी ४.३५ (६ तास १७ मिनिटं बाकी)

शंट. कार्ड किती वीज खातं हे पाच मिलिओहमच्या रेझिस्टरवरून मोजलं जातं. त्याच्यावर तसाच दुसरा चढवून जोडला की किंमत निम्मी होते आणि कार्डाला आपण निम्मंच खातोय असं वाटतं. म्हणजे एक पहारेकरी व्होल्टेजच्या बाबतीत फसवलेला, दुसरा वॅटच्या बाबतीत. दहा मिनिटांचं काम.

मग प्रीसेट कार्डाच्या कडेला चिकटवायचा. फीडबॅकची वायर लांब ठेवली तर ती अँटेनासारखी गोंगाट पकडते, म्हणून ती चार सेंटिमीटरची. म्हणजे प्रीसेट चिपच्या जवळच आला, तांब्याच्या भांड्याला धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्टीपासून बोटभर अंतरावर. नायट्रोजन ओतायचं हे भांडं भोसरीत लेथवर करून घेतलेलं. तांब्याचं आणि आकारही तसाच, म्हणून त्याला आम्ही तांब्याच म्हणायचो.

दादा म्हणाला, अ‍ॅराल्डाइट. मी म्हणालो, वाळायला वेळ लागेल. ग्लू गन हाताशी होती.

गरम गोंद दहा सेकंदांत बसतो. थंडीत तो काचेसारखा कडक होऊन सुटतो, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. फ्रीजरमधल्या डब्याला चिकटवलेला हुक पडतो, तेच.

संध्याकाळी ५.३० (५ तास २२ मिनिटं बाकी)

व्हॅसलीन. एवढं व्हॅसलीन आमच्या घरात थंडीतही कधी संपलं नसेल. कार्डाच्या पाठीवर, पोटावर, चिपभोवती, सॉकेटमध्ये. मग खोडरबर मळून त्याचे वळसे, वर पेपर नॅपकिनचे थर. हा सगळा खटाटोप पाण्यासाठी. उणे शंभराला गेलेल्या तांब्याभोवतीच्या हवेतलं बाष्प आधी हिव होतं, मग ऊब मिळाली की पाणी, आणि पाणी कार्डावर उतरलं की संपलं.

पुण्यात जुलैत बाष्पाला तोटा नाही. खिडकी लावून घ्यावी तर खोलीत नायट्रोजन साठणार. उघडी ठेवावी तर सिंहगडाकडून येणारी ओली हवा थेट कार्डावर. बराच वेळ दोन्ही बाजूंनी बोलून झालं. शेवटी खिडकी उघडी राहिली. जिवापुढे कार्ड नाही, असं मित्र म्हणाला, आणि तोपर्यंत घेतलेला तेवढाच एक शहाणा निर्णय त्याच्या नावावर जातो.

संध्याकाळी ७.१५ (३ तास ३७ मिनिटं बाकी)

पहिला स्टार्ट. चिपच्या मागच्या कपॅसिटरला जोडलेल्या मीटरवर १.१९. प्रीसेटची एक फेरी. १.१९. आणखी चार. १.२०. दहाव्या फेरीनंतर १.२३, आणि तिथून प्रत्येक फेरीला आकडा जास्त जोरात हलायला लागला. समांतर रेझिस्टरचा हा स्वभावच आहे: सुरुवातीला काही होत नाही असं वाटतं, आणि शेवटी केसभर फिरवलं तरी उडी बसते.

आईने जेवायला हाक मारली. कुणी गेलं नाही. तिने वरणभाताची तीन ताटं वरच आणून ठेवली, खोलीकडे एकदा नजर फिरवली, "व्हॅसलीन कुणी संपवलं?" एवढंच विचारलं आणि गेली.

रात्री ८.४० (२ तास १२ मिनिटं बाकी)

स्टीलच्या थर्मासमधून पहिली धार तांब्यात पडली आणि फोडणी बसल्यासारखा चर्रर्र आवाज झाला. पांढरा धूर कडेवरून ओसंडून टेबलावर, टेबलावरून खाली, आमच्या पायांशी. उणे २०. उणे ५५. तांब्याच्या अंगावर हिवाची लव उगवत होती, आधी ठिपके, मग साय, मग चक्क केस. उणे ९०.

गार चिपमध्ये गळती कमी होते, ट्रान्झिस्टर चपळ होतात, म्हणून हा सगळा उपद्व्याप. पण फार गार केली तर चिप चालायचीच थांबते. त्याला कोल्ड बग म्हणतात आणि प्रत्येक चिपची सीमा वेगळी. आमची उणे १२५ च्या खाली गेली की पडदा काळा. मग थर्मास हातात धरून घोट-घोट ओतत ती उणे ११० ते १२० मध्ये झुलवत ठेवायची. मूल झोपवण्यासारखं काम आहे. हात थांबला की रडतं.

रात्री ९.२५ (१ तास २७ मिनिटं बाकी)

१.४० व्होल्टला १५००. १.५० ला १६३०. फायर स्ट्राइक हा बेंचमार्क न अडखळता पार पडला. मित्र नाचला. ओम्नीत भिजल्याचं दुःख इथे फिटलं, असं म्हणाला.

दादा मात्र कागदावर गणित करत होता. वीज वाढते ती व्होल्टेजच्या वर्गाने आणि फ्रिक्वेन्सीच्या पटीत. १.१९ वरून १.५८ आणि ९२८ वरून १७०० असा हिशेब मांडला तर तिपटीच्या वर जातो. थंडीमुळे यातून काही सुटतं, पण मॉसफेटमधून चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह जाणार, असं त्याने कागदावर काढलं. गल्लीतला वेल्डिंगवाला ग्रिल जोडतो तेव्हा त्याच्या मशीनचा काटा दोनशेच्या अलीकडे असतो.

त्याने २०११ ची आठवण काढली. जीटीएक्स ५९० बाजारात आलं त्याच सुमारास परीक्षण करणाऱ्यांनी त्याचं व्होल्टेज वाढवलं आणि कार्डं ठिणग्या टाकत मेली. तीही व्होल्टेजला हात लावणं हे ज्यांचं रोजचं काम, अशा माणसांच्या हातात.

"म्हणजे थांबायचं?"

"मी असं कुठे म्हटलं?"

रात्री १०.०६ (४६ मिनिटं बाकी)

तापमान अचानक उड्या मारायला लागलं. तांब्या उणे ११५ दाखवतोय, आणि चिप आतून तापून पडदा गोठतोय. थर्मल पेस्ट तडकली होती. तांबं, सिलिकॉन आणि पेस्ट वेगवेगळ्या मापाने आकसतात. फट पडली की वर बर्फ आणि खाली भट्टी.

इलाज एकच. सगळं वितळवून पेस्ट नव्याने लावणे. दादाने ब्लो टॉर्च पेटवला. तांब्या उणे शंभरावरून अधिक तिसावर काही मिनिटांत आला. हिवाचं पाणी नॅपकिनमध्ये मुरलं. भांडं काढलं, पुसलं, पेस्ट लावली, परत कसलं.

रात्री १०.१८ (३४ मिनिटं बाकी)

कसताना दादाला दिसलं: प्रीसेटखालच्या गोंदाची कड पांढरी पडली होती आणि एका बाजूने नखाएवढी उचललेली. थंड, गरम, आणि आता परत थंड होणार.

त्याने अंगठ्याने दाबलं. "बसलाय," म्हणाला.

ग्लू गन खाली दुकानाच्या पिशवीत होती, पिशवी गाडीत, गाडी पावसात. घड्याळात साडेदहा होत आलेले. मी काही बोललो नाही. त्या अंगठ्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

रात्री १०.४४ (८ मिनिटं बाकी)

परत उणे ११५. १.५५ व्होल्ट, १६८०. पार. मी प्रीसेटला पाव फेरी दिली, प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, श्वास धरून. १.५८४. १७०० वर पहिली चाचणी सुरू. मित्राच्या हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. पंख्याचा घोंघाट, खिडकीबाहेर पावसाचा.

रात्री १०.५२

आवाज मोठ्या फटाक्याचा नव्हता. लवंगी फुटते तसा एक टक्, आणि त्यामागोमाग निळसर पांढरा उजेड, जो विझायला हवा होता पण विझला नाही.

नंतर व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला. गोंद सुटतो ते दिसत नाही. पण एका चौकटीत प्रीसेट जागेवर आहे आणि पुढच्या दोनमध्ये तो वायरला लोंबकळत पोलादी पट्टीकडे झुकलेला आहे. पट्टी स्क्रूमधून ग्राउंडला जोडलेली. प्रीसेटचा फीडबॅककडचा पाय तिला टेकला आणि पन्नास केचा प्रीसेट मधून वगळलाच गेला. वाढप्याला पान कोरडं ठणठणीत दिसलं. त्याने भात वाढला नाही. पातेलंच उपडं केलं. जास्त व्होल्टेज झालं तर बंद करायचं, हे ठरवणारा पहाराही आमच्या कार्डावर त्याच फीडबॅकवर विसंबलेला. त्याला उलट उपाशी असल्याची खबर गेली. मीटरवर शेवटचा वाचता येणारा आकडा १.५८४ आहे. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. त्याला दुसरा दाखवायला वेळच मिळाला नाही.

वरच्या मॉसफेटपैकी एक आतून जुळला. मॉसफेट मरताना बहुधा उघडा पडत नाही, जुळूनच मरतो; मग १२ व्होल्ट आणि सव्वा व्होल्टची चिप यांच्यात काही उरत नाही. आमचा पॉवर सप्लाय १२०० वॅटचा, सगळे शंभर अँपिअर एकाच रेलवर. एवढ्या तगड्या माणसाला काहीतरी चुकतंय हे कळायलाही क्षणभर लागतो. त्या क्षणात व्हॅसलीन भिजलेल्या नॅपकिनने पेट घेतला.

दादा बोर्डाच्या बटणाकडे झेपावला. मी काय केलं? मी हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. नंतर सापडला तेव्हा कळलं. मित्राने मात्र थर्मास उचलला आणि उरलेला सगळा नायट्रोजन आगीवर ओतला. आग कुणी चापट मारल्यासारखी बसली. खोली पांढरी झाली. "बाहेर! बाहेर चला!" तो ओरडला, आणि त्या दिवशी तिसऱ्यांदा शहाणा ठरला.

रात्री ११.४०

जिन्यावर बसलो होतो. खोलीचा वास जळक्या मासळीचा आणि जळक्या मेणबत्तीचा, दोन्ही एकदम.

आत गेलो तेव्हा दादाने भिंग लावलं. मॉसफेटच्या जागी मुगाएवढा खड्डा. चिपला कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत केसासारखी चीर. पोलादी पट्टीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका, जिथे पाय टेकला तो. त्याने प्रीसेट सोडवून मीटरला लावला. ३.९ के, न हलता. तेवढा एकच भाग धडधाकट होता.

रविवार, सकाळी ९.१०

गुरुपौर्णिमा. मी दादाच्या दुकानात पेढे घेऊन गेलो, चेष्टा म्हणून. त्याने चेष्टा घेतली नाही, पेढा घेतला. त्याच्या मोबाइलवर व्हिडिओची पहिली चौकट उघडी होती. कार्डापलीकडे चहाचा कप, कपाला टेकून ४.७ केची पट्टी. दहाच्या दहा.

"पॅड उखडलं नसतं," तो म्हणाला. "बहुतेक."

तेवढ्यात मित्राचा फोन. मागे डॉक्टरकाकांचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी कंटेनरमध्ये पट्टी बुडवून पाहिली होती आणि हिव जेमतेम तळाशी चार बोटं धरलं होतं.

"विचारतायत," मित्र हळू आवाजात म्हणाला, "एका रात्रीत तीस लिटर? पुण्यात कुणाच्या एवढ्या गायी भरवल्यात म्हणून."